थर कुठून सुटतो, ते आधी बघा

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरचं लोहारकाम आहे, वडील अजून कुऱ्हाडी आणि कोयते घडवतात. याने ट्रकच्या जुन्या पाट्याचे (स्प्रिंगच्या पट्टीचे) तुकडे आणि लाकडाच्या वखारीतलं बँडसॉचं पातं, असे सात थर रचून नक्षीचं पोलाद करायला घेतलंय. बाजारात त्याला दमास्कस म्हणतात. भट्टी गॅसची, घण हाताचा, वर खपली विरघळवायला टाकणखार (बोरॅक्स). बिलेट, म्हणजे थर सांधून झालेला ठोकळा, बाहेरून एकजीव दिसतं, पण कोपरे उकलतात आणि सगळ्यात खालचा थर वारंवार सुटतो. एक पातं शेवटपर्यंत गेलं, तर नक्षी उठवायला फेरिक क्लोराइडच्या द्रावणात घातल्यावर तिच्यातून काळ्या रेघा उमटल्या. दुसरं पातं पाणी देतानाच, म्हणजे कडक करायला तापवून विझवतानाच, चिरलं. वडील म्हणतात ताव (तापवणं) कमी पडतोय, व्हिडिओंत सांगतात ताव जास्त झाला. कोणाचं ऐकू?

तुम्ही विचारलंय तावाबद्दल, पण सांगितलेत चार वेगवेगळे दोष. कोपरा उकलणं, खालचा थर सुटणं, आत काळी रेघ राहणं आणि पाणी देताना चीर जाणं, या चारही गोष्टींची कारणं एक नाहीत. सगळ्यांवर एकच उपाय म्हणून ताव वाढवत गेलात तर एक दोष मिटेल आणि दुसरा वाढेल. म्हणून माझी पहिली विनंती ही की पुढचं बिलेट फसलं तर ते भंगारात टाकू नका. थर नेमका कुठून सुटलाय ते बघा. सुटलेली जागा कारण सांगते.

आता वडिलांचं म्हणणं. ते त्यांच्या कामापुरतं शंभर टक्के खरं आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आपल्याकडे कुऱ्हाडीच्या तोंडात पोलाद भरतात तेव्हा अंग मऊ लोखंडाचं असतं. मऊ लोखंड दीड हजार अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे त्याला पांढऱ्या तावापर्यंत नेता येतं. त्या तावाला नदीची बारीक वाळूसुद्धा टाकणखाराचं काम करते. वाळूतली सिलिका आणि तापलेल्या लोखंडावर चढणारी खपली (ऑक्साइड) यांचा पातळ रस होतो आणि घणाच्या पहिल्या घावाला तो बाहेर उडतो. पण हा रस धरायलाच सुमारे १२०० अंश लागतात आणि तो पाण्यासारखा पळायला त्याच्याही बराच वर जावं लागतं. ०.८ टक्के कार्बन असलेलं पोलाद १४०० च्या अलीकडेच वितळू लागतं. म्हणजे वडिलांच्या नजरेत जो ताव सांध्याचा, त्या तावाला तुमच्या थप्पीच्या कडा ठिणग्या उडवत जळायला लागलेल्या असतात. जळलेलं पोलाद पुन्हा नीट होत नाही, तो भाग कापूनच टाकावा लागतो. कुऱ्हाडीतही पोलादाचा तुकडा असतो, पण तो मऊ लोखंडाच्या दोन गालांत झाकलेला असतो आणि वडील त्याला थेट जाळासमोर उघडा ठेवत नाहीत. तुमच्या थप्पीला तसं पांघरूण नाही. त्यामुळे तुमचा पल्ला १२०० ते १२५० च्या आसपासचा, उजळ पिवळा. पांढऱ्याच्या अलीकडे थांबायचं.

सांधा बसतो कसा हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम झालं. थर वितळत नाहीत. स्वच्छ पोलादाला स्वच्छ पोलाद पूर्ण टेकलं आणि दोन्ही पुरेसे तापलेले असले, की ते आपणहून एक होतात. घणाचं काम फक्त फट मिटवण्याचं. सांधा न बसण्याची कारणं त्यामुळे मोजकीच उरतात: मध्ये खपली आहे, मध्ये पोकळी आहे, किंवा आतल्या थरापर्यंत ताव पोचलेला नाही. जोरात मारल्याने यातलं एकही कारण जात नाही. उलट अर्धवट टेकलेले थर एकमेकांवरून सरकतात आणि जिथे सांधा धरत होता तिथूनही सुटतात.

मी तुमची भट्टी पाहिलेली नाही, तुमचं पोलाद कुठलं हेही तुम्हाला नक्की ठाऊक नाही, म्हणून काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतील. पण पोलादाबद्दल मात्र ठामपणे बोलतो. शिकताना ट्रकचा जुना पाटा वापरू नका. कारणं दोन. पहिलं, पाटा कुठल्या पोलादाचा हे त्यावर लिहिलेलं नसतं. ईएन-४५ जातीचा असेल तर त्यात दीड ते दोन टक्के सिलिकॉन असतं. दुसऱ्या जातींत क्रोमियम असतं. क्रोमियमचं गंज-आवरण टाकणखारात सहज विरघळत नाही, आणि सिलिकॉनची खपलीही अंगाला चिकटून बसते. म्हणजे सगळ्यात अवघड सांध्याने तुम्ही सुरुवात केली आहे. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. गाडीखाली वर्षानुवर्षं वाकून वाकून पाट्यात केसाएवढ्या चिरा पडलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि भट्टीत आपणहून भरून येत नाहीत, कारण त्यांच्या आत खपली असते. मग पातं चिरलं की आपण सांध्याला दोष देतो आणि चीर मुळात पाट्यात असते. बेअरिंगच्या रिंगबद्दलही हेच. ईएन-३१ मध्ये एक टक्का कार्बन आणि एक ते दीड टक्का क्रोमियम. हात बसल्यावर तेही सांधता येतं, पण ते नंतरचं काम.

त्याऐवजी साधं कार्बनचं पोलाद पट्टीच्या रूपात विकत घ्या. ईएन-४२ किंवा १०८४ सारखं, ०.८ टक्क्यांच्या आसपास कार्बनचं, ज्यात क्रोमियम जवळजवळ नाही. जोडीला १५एन२०, ज्यात ०.७५ टक्के कार्बन आणि २ टक्के निकेल असतं. दोघांचा सांध्याचा ताव जवळपास एक, पाणी द्यायचा तावही जवळपास एक. निकेलचा थर फेरिक क्लोराइडमध्ये पांढरा राहतो, दुसरा काळा पडतो, आणि नक्षी दिसते ती यामुळेच. वखारीतलं रुंद बँडसॉचं पातं बऱ्याचदा याच निकेलच्या पोलादाचं निघतं, पण नेहमी नाही. एक तुकडा घासून साध्या पोलादाच्या तुकड्याबरोबर फेरिक क्लोराइडमध्ये दहा मिनिटं ठेवा. तो उजळ राहिला तर ठेवा, दोन्ही सारखे काळे झाले तर त्याची नक्षी येणार नाही. वखारीच्या पात्याचे दात आणि दातांमधल्या खोबणी आधी कापून टाका. तिथेही थकव्याच्या चिरा असतात.

थप्पी रचण्याआधी प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजू धातू चमकेपर्यंत घासा. कारखान्यातून आलेली काळी खपली फक्त पुसून जात नाही. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून घासताना एक चूक सगळे करतात: कडा जास्त घासली जाते किंवा मध्ये खळगा पडतो. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर तिथे हवा राहणार. बेळगावात राहणाऱ्यांना एक सोय आहे, तिचा फायदा घ्या. उद्यमबागेत सरफेस ग्राइंडर असलेली वर्कशॉप आहेत. पट्ट्यांचा गठ्ठा एकदम देऊन सपाट करून घेतलात तर हा प्रश्नच संपतो. घासल्यावर थिनरने पुसा, त्याच दिवशी थप्पी बांधा आणि सांधायलाही घ्या. तुमच्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रात्रभर उघडी ठेवलेली पट्टी सकाळी तांबूस झालेली असते, आणि तो गंज थरांच्या मधोमध जाऊन बसतो.

थप्पी लहान ठेवा. हाताच्या घणाला १०० मिलिमीटर लांब, ३० रुंद आणि एकूण २५ मिलिमीटर उंच एवढं पुरे. त्याहून जाड थप्पीच्या आतपर्यंत हाताच्या घावाचा दाब पोचत नाही. दोन्ही टोकांना आणि बाजूंनी वेल्डिंगचे टाके मारून घ्या, एका टोकाला सळी वेल्ड करा. तार बांधून चालतं, पण तार तापली की ढिली होते आणि थर किंचित उघडतात. तुमच्या वर्णनात थप्पी तारेने बांधलेली आहे. तेवढ्यावरही कोपरे उकलू शकतात.

आता गॅस. तुमच्या सगळ्या अडचणींच्या मुळाशी मला हीच गोष्ट जास्त दिसते, म्हणून इथे जरा थांबतो. तुम्ही लिहिलंय की पहिल्या तासात भट्टी छान पेटते आणि नंतर "मंदावते". हे बर्नर बिघडल्याचं लक्षण नाही. सिलिंडरमधला द्रव गॅस उकळून वायू होतो तेव्हा तो स्वतःची उष्णता खर्च करतो, सिलिंडर गार पडतो आणि दाब उतरतो. आपल्याकडच्या एलपीजीमध्ये ब्युटेन बरंच असतं आणि ब्युटेन शून्य अंशाच्या जवळच उकळणं थांबवतं. सिलिंडर अर्ध्याखाली गेला, बाहेरून दव आलं, आणि वरून पावसाळी गारवा असला, की दाब पडतो. तुमच्या डोळ्यांना भट्टी पिवळीच दिसते पण ती ५० ते १०० अंशांनी उतरलेली असते. सांध्याला तेवढा फरक पुरतो. उपाय साधा आहे: सिलिंडर साध्या पाण्याच्या टबात उभा करा. गरम पाणी किंवा कसलीही आच लावायची नाही. शक्य असेल तर १९ किलोचे दोन व्यावसायिक सिलिंडर एकत्र जोडा, म्हणजे प्रत्येकावर भार कमी येतो. घरगुती सिलिंडर आणि घरगुती रेग्युलेटर या कामाला वापरायचा नाही. कायद्याने नाही, आणि त्या रेग्युलेटरचा दाबही अगदी मामुली असतो. उच्च दाबाचा, फिरवता येणारा रेग्युलेटर, दाबाचा काटा आणि चांगला होज, यात काटकसर करू नका.

ज्वाला कशी आहे हेही तितकंच महत्त्वाचं. भट्टीत हवा जास्त असेल तर भट्टी झकास तापते, आवाज करते, आणि पोलादावर क्षणाक्षणाला खपली चढवते. सांध्याला गॅस किंचित जास्त असलेली ज्वाला हवी. ओळखायचं कसं? भट्टीच्या तोंडाबाहेर मऊ ज्वाला थोडी आली पाहिजे. आणि एक घासलेली सळी आत ठेवून बघा: तिचं अंग आतच खरखरीत होऊन पापुद्रा धरत असेल तर हवा कमी करा, गुळगुळीत राहत असेल तर ठीक. हवा आपोआप ओढणारा व्हेंचुरी बर्नर परदेशी नकाशावरून बनवला असेल तर जेटचं भोक आहे तसंच चालेल असं धरू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, हवा थोडी विरळ असते, आणि इथे जुळवणी करून घ्यावी लागते. ब्लोअर लावलेल्या बर्नरला हा त्रास कमी. गॅस जास्त असलेल्या ज्वालेतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. पावसाळ्यात झडीमुळे शेडची दारं लावून काम करू नका. समोरासमोरची दोन तोंडं उघडी पाहिजेत.

कोळशावर काम करणाऱ्यांसाठी दोन ओळी. आपल्या फाउंड्र्यांतला, लोखंड वितळवायच्या कपोला भट्टीचा हार्ड कोक चांगला तापतो, पण त्याचे ढेकळे मोठे असतात आणि भाता थांबला की तो विझतो. सुपारीएवढे तुकडे करून घ्या. कच्चा दगडी कोळसा असेल तर धूर आणि गंधक पूर्ण निघून गेल्यावरच थप्पी आत घाला. आगीची खोली जास्त ठेवा आणि थप्पी भात्याच्या तोंडासमोर न ठेवता वर ठेवा, म्हणजे वाऱ्यातला ऑक्सिजन वाटेतच जळून जातो.

ताव मुरण्याबद्दल. वरचा रंग आला म्हणजे ताव आला असं नाही. थप्पीचा रंग भट्टीच्या आतल्या भिंतीच्या रंगाशी एकरूप झाला पाहिजे, इतका की आत नजर टाकल्यावर थप्पीची कड पटकन सापडू नये. त्यानंतरही २५ मिलिमीटरच्या थप्पीला तीन-चार मिनिटं द्या आणि मध्ये एकदा उलटा, कारण भट्टीच्या फरशीला टेकलेली बाजू नेहमी थोडी गार असते. ही मिनिटं देताना हात शिवशिवतात, मला कल्पना आहे. तरी द्या. के-टाइप थर्मोकपल याच तापमानाच्या काठावर काम करतं आणि लवकर खराब होतं, पण शिकताना डोळ्याला रंगाची सवय लावायला त्याचा फार उपयोग होतो. काम सावलीत करा. उन्हात उजळ पिवळा रंग नारिंगी दिसतो आणि माणूस पोलाद जाळून बसतो.

टाकणखाराचं. किराण्यात किंवा सराफांच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो चालतो. कॅरमला टाकतात ती बोरिक पावडर वेगळी, ती याच्या जागी टाकू नका. कच्च्या टाकणखारात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. तो तापल्यावर लाहीसारखा फुगतो आणि थरांवरून उडून जातो. म्हणून आधी लोखंडी तव्यावर भाजून, फुगवून, पुन्हा कुटून ठेवा आणि डबा घट्ट लावा. थप्पी गर्द लाल झाली, म्हणजे पावणेआठशे-आठशेच्या सुमाराला, की टाका. त्या तावाला तो लगेच वितळून फटींत ओढला जातो. पिवळ्यापर्यंत थांबलात तर तोवर खपली जाड झालेली असते. आणि बेताने टाका. जास्त टाकणखार म्हणजे जास्त सांधा असं नाही, तो आत अडकून राहिला की तोच दोष होतो. शिवाय तो भट्टीचं अस्तर खातो. सिरॅमिक लोकरीत भोकं पाडतो. तुम्ही लिहिलंय की फरशीला खानापूरची माती लिंपली आहे. ती माती कुंभारकामाला नावाजलेली आहे, पण टाकणखार पडला की ती काचेसारखी वितळून थप्पीला चिकटते. फरशीला जास्त ॲल्युमिना असलेलं कास्टेबल (ओतून बसवायचं भट्टीचं अस्तर) किंवा तशी वीट घाला.

टाकणखाराशिवायही सांधा बसतो. थप्पीच्या चारी बाजूंच्या फटी वेल्डिंगने पूर्ण बंद केल्या की आत राहिलेली हवा नगण्य असते आणि नवी जात नाही. नंतर ती वेल्डिंगची कड घासून काढायची, नाहीतर तिचं मऊ लोखंड नक्षीत येतं. काही जण थप्पी गार असताना रॉकेलमध्ये बुडवून भट्टीत घालतात. रॉकेल जळून उरलेला कार्बन फटीतला ऑक्सिजन खातो. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, पण त्या सपाट, स्वच्छ पट्ट्या आणि योग्य ज्वाला गृहीत धरतात. तुमची ज्वाला जुळेपर्यंत टाकणखारावरच राहा.

आता तुमच्या खालच्या थराकडे येतो. तो सुटतो ऐरणीमुळे. ऐरण गार आहे, शे-दोनशे किलोचं लोखंड आहे, आणि थप्पी टेकवल्याक्षणी खालचा पातळ थर आपला ताव तिला देऊन टाकतो. वरून तुम्ही मारता तोवर तो सांध्याच्या तावाखाली गेलेला असतो. म्हणून ऐरणीवर आधी तापलेली जाड पट्टी काही मिनिटं ठेवून ती गरम करा. हात ठेववणार नाही इतकी. थप्पी बाहेर काढल्यापासून पहिला घाव पडेपर्यंतचा वेळ कमी करा: घण हातात, ऐरण भट्टीपासून एका पावलावर, सांडशी बदलायची गरज नाही. पुढच्या तावाला थप्पी उलटी करून मारा, म्हणजे मघाचा खालचा थर वर येतो. बाहेरच्या दोन्ही पट्ट्या आतल्यांपेक्षा थोड्या जाड घेतल्या तरी फरक पडतो. याला ताव वाढवणं हा उपाय नाही. पहिला ताव वाढवलात तर वरच्या कडा जळतील आणि खालचा थर तसाच गार राहील.

पहिले घाव हलके आणि झटपट. सळीच्या बाजूने सुरू करून उघड्या टोकाकडे जा, म्हणजे वितळलेला टाकणखार एका दिशेने बाहेर निघतो. पहिल्याच घावाला तो ठिणग्यांसारखा उडतो आणि कातडीला चिकटून भाजतो. चामड्याचा एप्रन, पूर्ण बाह्या आणि चष्मा लावल्याशिवाय मारू नका, जवळ लहान मुलं उभी असू देऊ नका. एका तावात सांधा झाला असं समजायचं नाही. पुन्हा टाकणखार, पुन्हा तोच ताव, पुन्हा हलके घाव, मग तिसरा ताव थोडा जड हाताने. जाडी निदान पाव भागाने उतरेपर्यंत प्रत्येक ताव सांध्याचाच द्या.

कोपरे याच टप्प्यावर उकलतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा घाई असते. थप्पी चपटी पसरू लागली की आपण तिला कडेवर उभी करून मारतो. सांधा पुरता बसण्याआधी, किंवा रंग नारिंगीवर आल्यावर, कडेवर घाव घातला की थर पुस्तकाच्या पानांसारखे बाहेर फुगतात. कोपरे तर सगळ्यात आधी गार होतात. म्हणून कडेवरचं काम नेहमी पूर्ण तावात आणि सांधा सगळीकडे बसल्याची खात्री झाल्यावर. कोपरा उकललाच तर त्यावर टाकणखार ओतून आशेने मारत राहू नका. उकललेला भाग ग्राइंडरने स्वच्छ धातूपर्यंत काढून टाका आणि पुढे जा. आत खपली गेलेली फट बंद होते, सांधत नाही. पुढे पीळ घालणार असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण पीळ प्रत्येक अर्धवट सांधा शोधून उघडतो.

सांधा बसला की नाही हे बघायला माझी सगळ्यात भरवशाची पद्धत सावलीतली आहे. पूर्ण तावातलं बिलेट बाहेर काढून, न मारता, बाजूने बघत निवू द्या. एकजीव बिलेट सगळीकडून सारखं उतरतं. सुटलेल्या थराला आतून उष्णता मिळत नाही, त्यामुळे तो आधी काळवंडतो आणि फटीशी गडद रेघ दिसते. रेघ दिसली की जागा खडूने लक्षात ठेवा आणि पुढचा ताव त्या जागेसाठी द्या. चारही बाजूंनी बघा.

थोडक्यात आतापर्यंतचं: बाहेरचा खालचा थर सुटला तर ऐरण आणि वेळ बघा, कोपरे उकलले तर बांधणी आणि कडेवरचे घाव, मधले थर सुटले तर ताव मुरलेला नाही, आणि एकाच जागी डाग राहत असेल तर पट्टीतला खळगा.

काळ्या रेघांचं मात्र वेगळं आहे. नखाने चाचपून बघा. नख अडकत असेल तर ती फट किंवा अडकलेला टाकणखार आहे, कारण आधीच सांगितलेलं. नख अडकत नसेल आणि रेघ थरांशी समांतर, उजळ करड्या रंगाची असेल, तर सांध्याजवळ जळून गेलेल्या कार्बनची ती खूण असते. तिने पातं तुटत नाही. थर वाढवायला बिलेटची घडी घालण्याआधी पृष्ठभाग नीट घासला आणि ज्वाला सुधारली की ती बरीच कमी होते. पहिल्या प्रकारची रेघ धारेत आली असेल तर ते पातं कोणाला वापरायला देऊ नका. ऊसतोडीच्या हंगामात दिवसभर चालणारा कोयता असल्या रेघेवर हातात मोडतो.

राहिलं पाणी देताना गेलेली चीर. ती थराच्या बाजूने गेली की आडवी, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावर आहे. थराच्या बाजूने गेली तर सांधा अर्धवट होता. आडवी, धारेकडून पाठीकडे गेली असेल तर सांध्याचा दोष नाही. तुम्ही खरोखर पाण्यात विझवलंय, आणि पाट्याचं पोलाद तेलात विझवायचं असतं. शिवाय सांध्याच्या तावात बराच वेळ राहिलेल्या पोलादाचे कण मोठे झालेले असतात. घडाई संपल्यावर पातं लोहचुंबक सोडण्याच्या थोडं वर तापवून हवेत निवू द्यायचं, असं तीनदा, दर वेळी ताव थोडा कमी. यालाच नॉर्मलाइझ करणं म्हणतात. मग ८०० ते ८१५ अंशांवरून ५०-६० अंशांच्या कोमट तेलात. आणि त्याच दिवशी २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा टेंपर, म्हणजे ठिसूळपणा घालवायला हलका ताव. उद्यावर टाकलेलं पातं रात्रीत फळीवर पडल्या पडल्या चिरू शकतं. वडील कोयत्याची फक्त धार पाण्यात बुडवतात आणि पाठीच्या उरलेल्या उष्णतेने रंग परत आणतात. ती पद्धत उत्तम आहे, पण ती त्यांच्या पोलादासाठी.

पुढचं बिलेट असं करा. नव्या दोन्ही पोलादांच्या पाचच पट्ट्या घ्या, सपाट करून घ्या, चारी बाजूंनी टाके मारा. नक्षी, पीळ, घडी काहीही नाही. तीन ताव देऊन साधी पट्टी ओढा, नॉर्मलाइझ करा, आणि शेवटून बोटभर तुकडा कापा. त्याचा काप घासून फेरिक क्लोराइडमध्ये घाला. एक भाग द्रावण आणि तीन-चार भाग पाणी, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात. दुसरा तुकडा व्हाइसमध्ये धरून काटकोनात वाकवा. काप स्वच्छ आला आणि वाकवताना थर उकलले नाहीत, की मग त्याच बिलेटची घडी घाला. उकललाच, तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मला कापाचा फोटो, ज्वालेचा फोटो आणि गॅसच्या काट्यावरचा दाब पाठवा. चीर गेलेलं पातं अजून जवळ असेल तर त्याचाही, चीर कुठल्या दिशेने गेली ते दिसेल असा.